डायल कधी बदलली

माझ्या टेबलासमोर येणारा माणूस घड्याळ मनगटावरून काढायच्या आधीच विचारायचा, "मॅडम, सब ओरिजिनल है ना?" आणि मग डॉक्टरकडे बघावं तसा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. मी डोळ्याला भिंग लावायची, घड्याळ उजेडात फिरवायची, मागचं झाकण उघडायची आणि बहुतेक वेळा "नाही" म्हणायची. ते "नाही" म्हणताना मला थोडा आनंद व्हायचा, हे आज कबूल करून टाकते. पुढचं सगळं सांगायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

दिल्लीच्या करोल बागेत घड्याळांचं एक जुनं दुकान होतं, तिथे मी तीसेक वर्षं नोकरी केली. पुण्यात उपकरणदुरुस्तीचा कोर्स केला होता. लग्न होऊन आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले. आजूबाजूच्या बायका कुणी शाळेत, कुणी कुठल्या भवनातल्या ऑफिसात चिकटल्या होत्या. मी घड्याळजी झाले. सासूबाई पाहुण्यांना सांगताना "ती ऑफिसात असते" एवढंच सांगायच्या. दुकानाचे मालक सेठी साहेब. बाईला कामावर ठेवलं म्हणून बाजारातल्या लोकांनी त्यांची आधी चेष्टा केली, नंतर तेच लोक आपली घड्याळं पारखायला माझ्याकडे पाठवू लागले.

पारख म्हणजे जादू नव्हे. साठ-सत्तर वर्षांचं घड्याळ हातात आलं की आधी डायल बघायची. कंपनीची मूळ छपाई भिंगाखाली जाड आणि काठाला स्वच्छ दिसते, बोटाला लागेल असं वाटतं. आपल्याकडे डायल डागाळली की ती खरवडून पुन्हा रंगवायची पद्धत होती. अशा डायलवर अक्षरं बारीक, किंचित थरथरलेली असतात आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांना नेमक्या भिडत नाहीत. मग काटे. अंधारात चमकणारा रंग वयाबरोबर तपकिरी होतो. डायलवरचे ठिपके चहाच्या रंगाचे आणि काट्यांवरचा रंग दुधासारखा, म्हणजे दोघांची भेट अलीकडची. मग बाजूची चावी, तिच्यावर कंपनीची खूण आहे का. शेवटी आतले स्क्रू. स्क्रूच्या खाचेचे काठ झिजलेले असले की घरात बरेच हात शिरून गेलेत असं समजायचं. एवढंच. डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि जे दिसतं ते सांगायचं.

सांगायचं कसं, यावर मात्र सेठी साहेबांचं आणि माझं कधी जमलं नाही. गुडगावचा एक तरुण शौकीन कुठूनतरी भारी किमतीला घेतलेलं घड्याळ घेऊन आला होता. त्यातली प्रत्येक गोष्ट अस्सल होती, पण पाच वेगवेगळ्या घड्याळांची. मी त्याला म्हटलं, ही वरात आहे, प्रत्येकाने दुसऱ्याचा कोट घातलाय. तो बिचारा घड्याळ न घालता, हातात धरूनच गेला. सेठी साहेब म्हणाले, "मॅडम, थोड़ा मीठा बोला करो." मी म्हटलं, मिठाईचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे आहे.

एक निवृत्त कर्नल दरवर्षी थंडीत घड्याळ साफ करून घ्यायला यायचे. त्यांच्या घड्याळाचे काटे दुसऱ्याच कंपनीचे होते, डायलच्या मानाने चांगलेच आखूड. मी दरवर्षी सांगायची की बरोबर काटे मिळवून देते. ते दरवर्षी म्हणायचे, "रहने दीजिए." ते काटे कुणी बसवले, केव्हा बसवले, मी एकदाही विचारलं नाही. माझ्या लेखी तो म्हातारा विक्षिप्त होता.

आता आठल्यांच्या घड्याळाकडे येते.

विजयाताई आठल्ये आर. के. पुरमलाच आमच्या पुढच्या सेक्टरात राहिलेल्या, हळदीकुंकवाच्या ओळखीच्या. त्यांचे यजमान मंत्रालयात होते. ऑफिसातच छातीत कळ येऊन पडले आणि हॉस्पिटलात वारले. पडताना मनगटावरच्या घड्याळाची काच फुटली. ते घड्याळ त्यांच्या वडिलांचं, स्विस, हाताने चावी द्यायचं. वडिलांनी थोरल्या मुलाला दिलं होतं. हॉस्पिटलातून ते धाकट्या भावाच्या, मधुकररावांच्या ताब्यात आलं. मधुकरराव गाज़ियाबादला एका कारखान्यात इंजिनिअर. वहिनीच्या हातात फुटक्या काचेचं घड्याळ कसं द्यायचं म्हणून त्यांनी ते तिकडच्याच एका घड्याळजीकडे टाकलं, दोन दिवसांनी काच बसवून आणलं आणि तेराव्याच्या दिवशी विजयाताईंना दिलं.

यजमान गेल्यावर काही वर्षांनी विजयाताई ते घेऊन माझ्याकडे आल्या. मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला द्यायचं होतं. त्याआधी नीट तपासून, साफ करून हवं होतं. शनिवार होता, दुकानात गर्दी होती, काउंटरवर एक शौकीन दुसऱ्या घड्याळासाठी माझी वाट बघत बसला होता. मी झाकण उघडलं, पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं की मशीन आणि बाहेरची केस मूळ आहेत, पण डायल रंगवलेली आहे, काटे बदललेले आहेत, चावीही कंपनीची नाही.

विजयाताईंना कळेना. त्या म्हणाल्या, हे तर मामंजींचंच घड्याळ, घराबाहेर कधी गेलंच नाही. मग थांबून म्हणाल्या, एकदाच गेलं, काच बसवायला, गाज़ियाबादला. त्यांनी मला विचारलं की मूळ डायलला किंमत असते का. मी म्हटलं, सगळी किंमत तिचीच असते, अशी अस्सल डायल मिळाली तर लोक घड्याळ सोडून डायल पळवतात. आणि पुढचं वाक्यही मीच बोलले.

"काच बदलायला दिलं होतं ना? मग तिथेच गेली असणार."

असं घडत नव्हतं असं नाही. चांगली डायल काढून घेऊन रंगवलेली बसवणारे लोक बाजारात होते, अशा चार-दोन चोऱ्या मी पकडूनही दिल्या होत्या. त्यामुळे मला ते सरळ दिसलं. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच, फक्त स्वर्गाऐवजी दुसऱ्याच्या घरी पोचले. घड्याळजीने डायल लांबवली, एवढंच मला म्हणायचं होतं. विजयाताईंच्या मनात घड्याळजीच्या शेजारी मधुकरराव उभे होते. नवरा गेल्यावर फंडाच्या कागदांवरून, क्वार्टर सोडण्यावरून दोन घरांत आधीच थोडी कुरबुर झाली होती. त्यात हे आगीत तेल पडलं. भावाचं प्रेत हॉस्पिटलात असताना तुम्हाला घड्याळाची डायल सुचली, असं त्या मधुकररावांना फोनवर म्हणाल्या. मधुकररावांनी आपण हात लावला नाही असं दोनदा सांगितलं, मग तेही गप्प झाले.

त्या लग्नाला आम्ही गेलो होतो. सख्खा काका नव्हता. त्याच्या जागी कुणी लांबचे मामा पाटावर बसले. माझ्या कानावर कारण आलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण अपराधी वाटलं नाही. मी जे दिसलं ते सांगितलं होतं. उलट, ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगायची. मंडळाच्या गणपतीत, ओळखीच्या घरी, नव्या शौकिनांना. नावं वगळायची, पण घरच्या माणसानेच कसं फसवलं आणि मी ते पाच मिनिटांत कसं ओळखलं, हे मीठमसाला लावून सांगायची. लोक माना डोलवायचे.

मधुकरराव चार वर्षांपूर्वी वारले. विजयाताई दहाव्याला जाऊन तासभर बसून आल्या, एवढं कळलं होतं.

मी नोकरी सोडली. आता आम्ही दिल्लीतच द्वारकेला राहतो. खिडकीपाशी एक छोटं टेबल मांडलंय, ओळखीपाळखीच्या लोकांची घड्याळं बघते. मागच्या थंडीत विजयाताईंचा फोन आला. मुलगा बेंगळुरूहून आला होता, वडिलांचं घड्याळ बंद पडलंय म्हणून ठेवून गेला होता. त्या मेट्रोने स्वतः घेऊन आल्या, चहा घेतला आणि घड्याळ ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हात बसून मी ते उघडलं. या वेळी कुणी वाट बघत बसलेलं नव्हतं. मशीन काढलं, झाकण ब्रशने पुसलं आणि सवयीने भिंगाखाली धरलं.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. जुने घड्याळजी घड्याळ उघडलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने एक बारीक खूण करून ठेवायचे. आपली अक्षरं, महिना, साल, आणि काय काम केलं त्याचं एखादं अक्षर. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे उघडणाऱ्याने वाचावी, तक्रार आली तर आपल्यालाही कळावं, म्हणून करायची. मीही सुरुवातीला करत होते. पुढे शौकिनांचा जमाना आला, त्यांना झाकण आतूनही कोरं हवं असायचं, ओरखडा दिसला की ते भाव पाडून मागायचे. त्यांच्या संगतीत मीही त्या खुणांकडे डाग म्हणून बघायला शिकले. आठल्यांच्या झाकणात चार खुणा होत्या. पहिल्या वेळीही त्या मला दिसल्या होत्या. मी त्या वाचल्या नव्हत्या.

त्या दिवशी वाचल्या. पहिल्या दोन फार जुन्या, नुसत्या सफाईच्या. चौथी गाज़ियाबादची, काचेची. तिसऱ्या खुणेत दोन अक्षरं होती, महिना मार्च होता, आणि पुढे डायल, काटे आणि चावी अशा तिन्ही कामांची अक्षरं ओळीने कोरलेली होती. साल यजमान जाण्याच्या नऊ वर्षं आधीचं होतं.

मी ते तीनदा वाचलं. मग सुईला कापूस गुंडाळून ती केसच्या आतल्या खाचेत फिरवली. पहिल्या वेळी मला जो गंज वाटला होता तो कापसावर गुलाबी उतरला. होळीचा पक्का रंग. दिल्लीत ज्याने सरकारी कॉलनीतली होळी पाहिलीय त्याला सांगायला नको, बादल्याच्या बादल्या अंगावर रिकाम्या होतात आणि कुणी घड्याळ काढायला वेळ देत नाही.

घड्याळ पुन्हा जुळवायला मला दोन दिवस लागले. काम एका दुपारचं होतं. फोन करायचा की नाही, हे ठरत नव्हतं. नवऱ्याने सांगितलं, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे, मधुकरराव तर गेले. ते खरंही होतं. पण जन्मभर लोकांना नको असलेलं खरं मी तोंडावर सांगितलं होतं. आता माझ्यावर आलं तेव्हा गप्प बसणं मला जमेना. मी विजयाताईंकडे गेले, त्यांच्या हातात भिंग दिलं आणि खूण दाखवली. त्यांना वाचता येईना, म्हणून मी कागदावर मोठी करून काढली.

त्या कागदावरच्या सालावर बोट ठेवून बसल्या. मग त्यांना आठवलं. त्या वर्षी सासरे दिल्लीला त्यांच्याकडे राहायला होते. होळीनंतर तीन आठवडे यजमानांचं मनगट रिकामं होतं आणि विचारलं तर सर्व्हिसिंगला दिलंय म्हणाले होते. वडिलांचं घड्याळ रंगात बुडवलं हे वडिलांना कळू नये, म्हणून त्यांनी गुपचूप सगळं नवं करून आणलं असणार. आणि मग बायकोलाही सांगायचं राहून गेलं, किंवा सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

मी म्हटलं, "चूक माझी आहे, विजयाताई. डायल केव्हा बदलली ते मी बघितलं नाही आणि कुणी बदलली ते सांगून मोकळी झाले."

"तुम्ही डायलबद्दल बोललात," त्या म्हणाल्या. "चोर मी म्हटलं." थोड्या वेळाने त्यांनी शाल घेतली आणि म्हणाल्या, "चला, नीताकडे जाऊन येऊ. एकटीने माझ्याच्याने व्हायचं नाही."

नीताताई म्हणजे मधुकररावांच्या पत्नी. आम्ही मेट्रोने गाज़ियाबादला गेलो, पुढे ई-रिक्षा केली. वाटेत विजयाताई दोनदा म्हणाल्या की आधी फोन करायला हवा होता. दार नीताताईंनीच उघडलं. जावेला बघून त्या एक क्षण थबकल्या, मग "या ना" म्हणाल्या आणि दिवाणावरची वर्तमानपत्रं उचलू लागल्या. घर नीटनेटकं होतं. भिंतीवर दोन भावांचा तरुणपणीचा फोटो होता, तो त्यांनी काढून टाकलेला नव्हता.

चहा झाला. विजयाताईंनी सुरुवात केली आणि त्यांना पुढे बोलवेना, म्हणून मी सांगितलं. खूण, साल, रंग, सगळं. कागद पुढे ठेवला. म्हटलं, मधुकररावांनी आणि त्या घड्याळजीनेही काही केलं नव्हतं, दोघांवरही मी फुकटचा आळ आणला.

नीताताईंनी कागद हातात घेतला नाही. लांबूनच बघितला.

"म्हणजे इथे बदललीच नव्हती?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"त्यांना वाटायचं, बदलली."

आम्हाला दोघींना कळलं नाही. मग त्या सांगू लागल्या. वहिनीचा तो फोन आल्यावर मधुकरराव आधी चिडले होते. वहिनीला वेड लागलंय म्हणाले. पण मराठी मॅडमने सांगितलंय म्हटल्यावर त्यांच्या मनात किडा शिरला. करोल बागेतल्या मॅडमचा शब्द म्हणजे पक्का, हे कारखान्यातल्या लोकांनीही त्यांना सांगितलं. म्हणून ते एका सुट्टीच्या दिवशी मुद्दाम करोल बागेला आले. मला विचारायला.

"तुमच्याकडे?" विजयाताईंनी माझ्याकडे बघितलं.

"यांच्याकडेच," नीताताई म्हणाल्या. "नाव सांगितलं नाही त्यांनी. मुद्दाम हिंदीतून बोलले. दुकानात आठल्यांचं नाव निघायला नको, वहिनीची शोभा नको, असं म्हणत होते. एवढंच विचारलं, की घड्याळ दुकानात दोनच दिवस असेल, तर तेवढ्यात कुणी डायल बदलू शकतं का."

पुढचं मला माहीत होतं असं नाही, पण मी काय म्हणाले असणार ते माहीत होतं.

"तुम्ही म्हणालात, दो दिन क्यों, दो घंटे बहुत हैं."

ते घरी आले आणि नीताताईंना म्हणाले की वहिनीचं बरोबर आहे. आपण घड्याळ दुकानात सोडून यायला नको होतं, समोर बसून काच बसवून घ्यायला हवी होती. दादाची शेवटची वस्तू आपल्या हातून गेली. ते त्या घड्याळजीशी जाऊन भांडले, तो रडकुंडीला आला, शपथा घेऊ लागला, यांनी ऐकलं नाही. पुढे विजयाताईंकडे जाऊन माफी मागायचं दोन-तीनदा ठरवलं, पण चोरी केली नाही असं आधी सांगितलेलं, आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून गेले नाहीत. लग्नालाही त्यामुळेच आले नव्हते. आम्ही सगळे समजत होतो, रागावलेत.

विजयाताई उठून नीताताईंच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांचा हात धरला, आणि नीताताईंनी तो धरू दिला. मी समोर एकटीच बसून होते. माफी मागायला मी आले होते, पण ज्याची मागायची तो माणूस तिथे नव्हता आणि उरलेल्या दोघींमध्ये माझं काही काम नव्हतं.

थोड्या वेळाने नीताताईंनीच माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला आठवतात का हो ते? त्या दिवशीचे? निळ्या रेघांचा शर्ट होता, मीच इस्त्री करून दिला होता. फार वेळ थांबले का तुमच्या दुकानात? काही बोलले का आणखी?"

त्यांच्या विचारण्यात राग नव्हता. त्या दिवसाचं आपल्या माणसाबद्दल काही नवं ऐकायला मिळेल, एवढीच त्यांची आशा होती. मी डोळे मिटून शोधलं. त्या वर्षी माझ्या हाताखालून गेलेली घड्याळं मला आठवतात. कुणाच्या डायलवर सहाच्या खाली कुठे चरा होता, कुठल्या काट्याचं टोक वाकलं होतं, आजही सांगू शकते. पण मधुकररावांनी काही आणलंच नव्हतं. ते रिकाम्या हातांनी आले होते, आणि रिकाम्या हातांच्या माणसाकडे मी कधी मान वर करून बघत नव्हते.

खोटं सांगावंसं वाटलं. निळ्या रेघांचा शर्ट आठवतो, फार सभ्य गृहस्थ होते, एवढं म्हटलं असतं तरी त्या बाईला पुरलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मला ते आठवत नाहीत."

नीताताईंनी मान हलवली आणि कप गोळा करून आत नेले.